तारामासा घेण्याआधी वाळूत काय उरलंय ते बघा

तुमचा प्रश्न वाचला आणि माझी सहा वर्षांपूर्वीची टाकी डोळ्यांसमोर उभी राहिली. तुमची तीन फुटी रीफ (कोरल असलेली खाऱ्या पाण्याची टाकी), सात महिने जुनी, वाळूवर तपकिरी थर, दर दोन दिवसांनी सायफन करून (नळीनं ओढून काढून) तुम्ही कंटाळलात आणि दुकानदार सांगतोय की दोन सँड सिफ्टिंग स्टारफिश (वाळू उकरणारे तारामासे) आणि एक डायमंड गोबी (वाळू गाळणारा मासा) सोडा, वाळू पांढरीशुभ्र राहील. मलाही अगदी हेच सांगितलं होतं, आणि 'त्यांना वेगळं काही खायला घालावं लागत नाही' हेही वर. ते ऐकून मी जे केलं ते तुम्ही करू नये, म्हणून एवढं लांब लिहितोय.

सायकल (नव्या टाकीचं पाणी जीवाणूंनी मुरवणं), खारटपणा वगैरे तुम्हाला येत असणार, त्यात शिरत नाही. मी जीवशास्त्रज्ञ नाही. एका टाकीचा अनुभव आणि चार मित्रांच्या टाक्या, एवढ्यावर बोलतोय.

गणपतीच्या आठवड्यात मी पहिला तारामासा आणला. पहिले दोन महिने वाळू खरंच सुरेख दिसायची. तो वाळूखालून सरकायचा, मागे उकरल्याची रेघ उठायची, घरी येणारा प्रत्येकजण टाकीपाशी थांबायचा. दिवाळीनंतर त्याच्या एका हाताचं टोक झिजल्यासारखं दिसलं. मला वाटलं क्लाउनफिश कुरतडतोय. दुकानात विचारलं तर 'हात परत उगवतो, काळजी करू नका' असं उत्तर मिळालं. ते वाक्य खोटं नव्हतं, पण माझ्या तारामाशाला ते लागू नव्हतं. तो उपाशी होता. उपासमार झाली की हा प्राणी हातांच्या टोकांपासून झडायला लागतो. संक्रांतीच्या सुमाराला तो विरघळून गेला.

माझी खरी चूक त्यानंतरची. तो का मेला हे न शोधता मी दुसरा आणून सोडला. हा पाच-सहा आठवडेच जगला आणि मेला तो मोठ्या दगडाच्या खाली, वाळूत, जिथे मला दिसलाच नाही. तीन दिवसांनी पाण्याला वास आला, अमोनियाची चाचणी हिरवी झाली, म्हणजे पाण्यात अमोनिया झाला होता. क्लीनर श्रिंप (एक कोळंबी) गेला, झोआंथिड या कोरलसारख्या जीवाची एक आख्खी वसाहत मिटली ती परत उघडलीच नाही. रात्री दोन वाजता पाणी बदलायला मीठ कालवत बसलो होतो ते अजून आठवतं.

पण सगळ्यात महाग पडलं ते वेगळंच. हा तारामासा कचरा किंवा शेवाळ खातो असं आपण धरून चालतो. त्याचं खरं खाणं म्हणजे वाळूतले जिवंत प्राणी: किडे, कोपेपॉड (ठिपक्याएवढे कवचधारी जीव), बारीक शिंपले, छोटे शंख. शंख तर तो आख्खाच गिळतो. म्हणजे जे वाळू मोकळी ठेवत होते त्यांनाच त्यानं संपवलं, आणि ते संपल्यावर स्वतः उपाशी मेला. आपल्या तीन फुटी टाकीत वाळू जेमतेम साडेचार चौरस फूट. एवढ्यात त्याचं पोट वर्षभर भरणं मला तरी शक्य वाटत नाही. त्याच्यानंतर माझी वाळू ढेकळासारखी घट्ट झाली, आणि वर तपकिरीच्या जागी गडद लाल रंगाची सायनोची (सायनोबॅक्टेरियाची) चादर आली. ती नीट व्हायला वर्ष गेलं. एका मित्राच्या जुन्या, निरोगी टाकीतली दोन कप वाळू आणून टाकली तेव्हा कुठे किडे परतले. (अशी वाळू घेताना त्या टाकीत कधी तांब्याचं औषध वापरलंय का ते आधी विचारा.)

आता तुमच्या थराबद्दल. तो भुकटीसारखा आहे की तंतूंसारखा? तंतू, त्यात अडकलेले हवेचे बुडबुडे, आणि दिवे गेल्यावर थर कमी, दुपारी परत जास्त, असं असेल तर डायनोफ्लॅजेलेट (डायनो) या सूक्ष्मजीवांचा संशय घ्या आणि तूर्तास एकही शंख घेऊ नका. काही डायनो विषारी असतात, ते खाऊन शंख मरतात. साधी तपकिरी भुकटी असेल तर डायटम (सिलिकावर वाढणारं सूक्ष्म शेवाळ), आणि मग आधी पाण्याकडे बघा. आरओडीआय या पाणी शुद्ध करायच्या यंत्रातली रेझिन संपत आली की सिलिका सगळ्यात आधी निसटते, टीडीएसचा (विरघळलेल्या क्षारांचा) आकडा शून्याजवळ असला तरी. मी रेझिन बदलली आणि एक पॉवरहेड (पाणी फिरवणारा पंप) वाळूच्या कोपऱ्याकडे वळवला, निम्मं काम त्यातच झालं.

प्राणी घ्यायचेच तर माझं मत असं, आणि ते मतच समजा. सेरिथ शंख सहा-आठ. ते रात्री निघतात, वाळूवरचा थर खातात, थोडं वाळूत शिरतातही. नसारियस शंख सात-आठ, पण ते शेवाळ खात नाहीत. उरलेलं मांसाहारी खाणं आणि मेलेलं जे काही असेल ते खातात. त्यांचा उपयोग वाळू हलती ठेवण्यासाठी. कोळंबीचा तुकडा टाकला की सगळे एकदम सोंड वर काढून वाळूतून उठतात, ते बघण्यासारखं असतं. आणि एक, एकच, फायटिंग काँक हा मोठा शंख. तो वाळूवर सोंड फिरवत चालतो आणि माझ्या अनुभवात थर काढण्यात त्याच्या तोडीचा दुसरा कोणी नाही. मात्र वाळू स्वच्छ झाली की त्याला नोरीचा (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा) तुकडा द्यावा लागतो, नाहीतर तोही उपाशी राहील. ॲस्ट्रिया घेऊ नका वाळूसाठी. तो काचेचा आणि दगडाचा शंख, वाळूत उलटा पडला तर स्वतःहून सरळ होत नाही. हर्मिट क्रॅबही (रिकाम्या शंखात राहणारे खेकडे) मी ठेवत नाही, कवचासाठी ते आतली गोगलगाय मारतात. सगळे शंख सोडण्याआधी तासभर टाकीचं पाणी थेंब-थेंब घालत सरावू द्या, खारटपणातला झटका त्यांना सोसत नाही.

डायमंड गोबीला माझा तितका विरोध नाही. पण तोही वाळूतले जीवच गाळून खातो, आणि गोठवलेलं खाणं खाताना दुकानात स्वतः पाहिल्याशिवाय घेऊ नका. खालच्या कोरलवर वाळूचे ढीग येतील ही तयारी ठेवा. झाकणाला जाळी हवीच, तो उडी मारतो.

दोन गोष्टी कळकळीनं सांगतो. समुद्रकाकडी कोणी देऊ केली तर नको म्हणा. भारतात २००१ साली सगळ्या समुद्रकाकड्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घालण्यात आल्या. शिवाय ती घाबरली किंवा पंपात अडकली तर विष सोडते. आणि कोकणात गेलात की किनाऱ्यावरचे जिवंत शंख उचलून टाकीत आणू नका. त्यात शंकूच्या आकाराचे शंख असू शकतात, ते विषारी काटा मारतात, आणि त्यांच्यातल्या काही जातींच्या दंशानं माणसं दगावली आहेत. लहान मुलं बरोबर असतील तर जास्तच जपा.

आता काहीही विकत घेण्याआधी आज रात्री एक करा. दिवे बंद झाल्यावर दोन तासांनी टॉर्च घेऊन काचेला लागून वाळूचा कडेचा भाग बघा. बारीक बोगदे, केसासारखे किडे, उड्या मारणारे पांढरे ठिपके दिसतात का? दिसले तर तुमची वाळू जिवंत आहे, तिला फक्त थोडी मदत हवी. तेवढं बघून इथेच सांगा, आणि थराचा दुपारचा एक फोटोही टाका, मग शंख किती घ्यायचे ते नीट ठरवू.