बिजागरीत बीज नाही आणि आगरही नाही

प्रश्न असा आलाय की घरी हौसेनं सागाची पेटी करतोय, झाकणाला लावतात ती ‘बिजागरी’ लिहायची की ‘बीजागरी’, कारण एका ठिकाणी ‘बीज + आगर’ अशी संस्कृत फोड वाचली. आणि जाता जाता, रंधा (लाकूड तासायचं हत्यार) हा शब्द रंध्रावरून, म्हणजे छिद्रावरून, आलाय का?

बिजागरी. बि ऱ्हस्व. अनेकवचन बिजागऱ्या. झालं उत्तर. पण ही ‘बीज + आगर’ची फोड मी इतक्या वेळा ऐकलीये की आता गप्प बसवत नाही. एकजण म्हणतो दाराचं बीज तिथं असतं म्हणून, दुसरा म्हणतो आगर म्हणजे घर, म्हणजे खिळीचं घर. अहो मग बीजाचं काय केलंत? आपल्या सगळ्या वस्तू संस्कृतातूनच आल्या पाहिजेत असा हट्ट असला की माणूस दाराच्या सांध्यातही बी पेरतो.

आधी नुसता उच्चार करून बघा. ‘बीज’ म्हणताना जो ज येतो तो जीवनातला, तालव्य. ‘बिजागरी’ म्हणताना येतो तो जागा, जाळं यातला, दंत्य. कुठल्याही सुताराला विचारा, तो ‘बिज्यागरी’ म्हणणार नाही. आणि शेजारी गुजरातीत जाऊन बघा, तिथं ‘मिजागरुं’ म्हणतात. आता मिजात कुठलं बीज शोधणार?

शब्द पोर्तुगीज आहे. बिसाग्रा, म्हणजे बिजागरीच. पोर्तुगीजमध्ये दोन स्वरांच्या मधला स हा झ सारखा उच्चारतात, म्हणजे तोंडी तो शब्द ‘बिझाग्रा’ असाच पडणार, आणि आपल्याकडे तो झ दंत्य ज होऊन बसला, शेवटच्या ग्र ची आपण सवयीनं फोड करून ‘गर’ केलं, मग नपुंसकलिंगात बिजागरं आणि लहान वस्तू म्हणून बिजागरी. ओढूनताणून वाटतंय? मग शर्टाचं काज घ्या. काज-बटनातलं काज हे पोर्तुगीज ‘कासा’, उच्चार ‘काझा’, अर्थ घर आणि बटनाचं घरही. तोच स, तोच दंत्य ज. काजाबद्दल कुणी भांडत नाही, बिजागरीचं नाव काढलं की मात्र लगेच भुवया वर. मोन्सेन्योर दालगादोंनी, हे पाद्री आणि भाषातज्ज्ञ, आसगावचे, गोव्याचेच, 1913 साली आशियाई भाषांतल्या पोर्तुगीज शब्दांचा जो मोठा संग्रह छापला त्यात हे सगळं आलेलं आहे, शंभराहून जास्त वर्षं झाली.

एका गृहस्थांनी मला ठणकावून सांगितलं की पोर्तुगीजमध्ये बिजागरीला ‘दोब्रादिसा’ म्हणतात, गुगलवर टाकून बघा. टाकलं की. आजचा रोजचा शब्द तोच आहे, मान्य. पण कित्येक पिढ्यांपूर्वी आलेल्या शब्दाला आजच्या लिस्बनमधल्या दुकानात कशाला शोधायचं? बिसाग्रा पोर्तुगीज कोशात आहे, आणि शेजारच्या स्पॅनिशमध्ये तर आजही तोच चालू शब्द आहे.

आता माझं लाडकं मत, पटलं तर घ्या. आपल्याकडे दारं काय पोर्तुगीज आल्यावर लागली का, मग हा शब्द बाहेरून का घ्यावा लागला? कारण आपल्या जुन्या दाराला बिजागरीच नसते! कुठल्याही जुन्या वाड्याचं दार नीट बघा. फळीच्या एका कडेला वर आणि खाली लाकडाचाच खुंट काढलेला असतो, खालचा उंबऱ्यातल्या खळग्यात, वरचा चौकटीच्या वरच्या लाकडात, आणि अख्खं दार त्या दोन खुंटांवर फिरतं. लोखंडाची दोन पानं, मध्ये खीळ, असला प्रकारच नाही. वस्तू नव्हती तर शब्द कुठून असणार. कुणी म्हणेल पेटाऱ्यांची झाकणं उघडत होतीच की. होती, पण कडीत कडी अडकवून, आणि तिला आपण कडीच म्हणत होतो. वस्तू आली ती नाव घेऊनच आली. माझा अंदाज, ती वसईकडून वर आली असावी. 1534 ते 1739 वसई पोर्तुगीजांकडे होती, चर्चेस उठत होती, जहाजं बांधली जात होती, आणि हातात पटाशी धरणारे बरेचसे स्थानिकच असणार. गुजरातीतलं मिजागरुं बहुधा दमण-दीवच्या वाटेनं गेलं असावं.

लाकडातले आणखी दोन सांगतो, राहवत नाही. कौलांखालच्या रिपा. रीप हे पोर्तुगीज ‘रिपा’, लाकडाची पातळ पट्टी. इंग्रजांनी तो उचलून ‘रीपर’ केला. 1886 च्या हॉब्सन-जॉब्सन या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशात ‘रीपर’ची नोंद आहे आणि तिथं म्हटलंय की हिंदुस्थानी कोशात हा शब्द सापडत नाही, मराठी कोशात मात्र ‘रीप’ सापडतो. आणि आता आपले लाकूडवाले ‘दोन बाय एकचे रीपर’ मागतात आणि समजतात इंग्रजी बोललो. आपलीच रीप साहेबाकडून पॉलिश मारून परत घेतली! दुसरा तुरुंग. पोर्तुगीज ‘त्रोंकु’, अर्थ झाडाचा ओंडका, कारण कैद्याचे पाय भोकं पाडलेल्या ओंडक्यात अडकवायचे. तुरुंगाचा तुरंगाशी, म्हणजे घोड्याशी, संबंध जोडणाऱ्यांना साष्टांग नमस्कार. आणि गंमत म्हणजे आपलं अस्सल मराठी ‘खोडा’ अगदी तसंच बनलंय, खोड त्यावरून खोडा. कामात खोडा घालतो तो हाच.

हल्ली मात्र नवीच कटकट. हिंदी व्हिडिओ बघून शिकलेली हौशी मंडळी ‘झाकणाला दोन कब्जे मारा’ म्हणतात. हिंदीत कब्जा म्हणजे बिजागरी, बरोबर आहे, अरबी ‘पकड’वरून आलेला. पण मराठीत कब्जा जमिनीवर मारतात, पेटीवर नाही. आणि मॉड्युलर किचनवाल्यांचं ‘हिंजेस’ तर सोडाच, त्यांच्याकडे ड्रॉवरला खण म्हणणारा माणूस मी अजून पाहिला नाही.

हो, रंधा राहिला. फारसी ‘रंदा’, खरवडणं-तासणं या अर्थाच्या क्रियापदावरून. रंध्राशी काही नातं नाही. हिंदीत अजून रंदाच आहे, आपण द चा ध केला, आणि तो रंध्र डोक्यात असल्यामुळेच झाला असावा असं मला वाटतं, म्हणजे तुमची चूक जुनी आणि प्रतिष्ठित आहे.

पेटीला पितळी बिजागऱ्या लावणार असाल तर पानाच्या जाडीएवढीच खाच घ्या, जास्त खोल गेलात तर झाकण मागे अडून पुढे फाकतं. आणि पितळी स्क्रू सागात थेट पिळू नका, मान तुटते. आधी बारीक भोक, मग त्याच मापाचा लोखंडी स्क्रू एकदा फिरवून काढा, मग पितळी, थोडं मेण लावून.