डोळ्यांचा मेकअप आणि घरची तालीम

(फोंड्यात गेली अनेक वर्षं पार्लर चालवणाऱ्या आणि जत्रांतल्या नाटकांची रंगभूषा करणाऱ्या आमच्या ताई या महिन्याच्या पत्रांना उत्तरं देत आहेत.)

*ताई, मे महिन्यात माझ्या बहिणीचं लग्न आहे, देवळाच्या हॉलमध्ये. मेकअप मी घरीच करणार. पण मी कोणतंही काजळ लावलं तरी दोन तासांत डोळ्यांखाली उतरतं. ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेलंसुद्धा! – एक वाचक, डिचोली*

अगं, वॉटरप्रूफ म्हणजे पाण्याला दाद न देणारं. तुझं काजळ पाण्याने नाही, तेलाने उतरतंय. पापणीच्या कडेला केसांच्या आतल्या बाजूने बारीक तेलग्रंथींची तोंडं असतात, आणि आपण काजळ नेमकं तिथेच भरतो. काजळाची पेन्सिल मेण आणि तेलाचीच. त्यात गोव्याचा मे महिना, वर सकाळी डोळ्यांखाली चोपडलेलं क्रीम. मग काजळ गालावर यायचं नाही तर कुठे जायचं?

त्या दिवशी डोळ्यांखाली क्रीम लावायचंच असेल तर आंघोळ झाल्याबरोबर अगदी थोडं लाव आणि मेकअपला बसण्याआधी टिश्यूने टिपून घे. काजळ खालच्या पापणीच्या आत भरू नकोस. वरच्या पापणीच्या केसांच्या मुळाशी लाव, आणि खाली फक्त बाहेरचा एक तृतीयांश भाग, तोही केसांच्या बाहेरून. जेल काजळ असेल तर ते सुकेपर्यंत अर्धा मिनिट डोळे मिटून ठेव. मग छोट्या चपट्या ब्रशवर त्याच रंगाची कोरडी आयशॅडो घेऊन रेघेवर दाबून बसव. घासायची नाही, दाबायची. खालच्या पापणीखाली पावडरचा पातळ हात फिरव. मस्काराही वाहतो, विसरू नकोस. ‘ट्युबिंग’ नावाचा मस्कारा मिळाला तर तो घे. त्यात प्रत्येक केसाभोवती पातळ आवरण तयार होतं. ते तेलाने सहसा पसरत नाही आणि रात्री कोमट पाण्याने सुटून येतं.

आता घरच्या तालमीचं. मुली आरशासमोर बसून मेकअप करतात, फोटो काढतात, ‘छान दिसतंय’ म्हणतात आणि धुऊन टाकतात. मी याला चाचणी म्हणत नाही. एका डोळ्याला एक काजळ लाव, दुसऱ्याला दुसरं. मग पंखा बंद ठेवून स्वयंपाकघरात जा, नारळ खव, मासे तळ, कपडे वाळत घाल. पाच-सहा तासांनी खिडकीजवळच्या उजेडात बघ. जो डोळा टिकला, त्याचं काजळ लग्नाला. लग्नाला नेसणार त्याच रंगाचं काहीतरी अंगावर असू दे, आणि एक फोटो फ्लॅश मारून काढ. काही पांढऱ्या पावडरी नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, पण फ्लॅशमध्ये डोळ्यांखाली पिठासारख्या उठतात. अल्बम हातात आल्यावर त्याला इलाज नाही.

हॉलमध्ये घाम आला तर रुमालाने पुसू नकोस, टिश्यू नुसता टेकव.

*आम्ही मैत्रिणी कार्निव्हलला पणजीला जातो. या वेळी निऑन रंगांची पॅलेट ऑनलाइन मागवलीय. ग्लिटर स्टेशनरीच्या दुकानात स्वस्त मिळतं, ते चालेल का? मस्कारा आम्हा तिघींत एकच आहे. – कॉलेजकन्यका, म्हापसा*

स्टेशनरीचं ग्लिटर ग्रीटिंग कार्डासाठी. त्याचे कण कडेला धारदार असतात, आणि डोळा चोळला की बुबुळाला ओरखडा पडू शकतो. चेहऱ्यासाठीचं, बारीक कणांचं, डोळ्यांजवळ वापरता येईल असं स्पष्ट लिहिलेलं ग्लिटर घ्या, तेही गालाच्या हाडावर लावा. मिरवणुकीत ते तिथेच जास्त चमकतं.

पॅलेट उलटी करून वाचा. कित्येक निऑन पॅलेटींच्या मागे बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की हे काही रंग डोळ्यांभोवती वापरण्यासाठी नाहीत. वर डोळ्याचं चित्र आणि मागे ही सूचना! मला या प्रकाराचा फार राग येतो. पाकिटावर उत्पादकाचं नाव-पत्ता, बॅच नंबर आणि तारीख हवीच. परदेशी मालावर इथल्या आयातदाराचं नाव आणि नोंदणी क्रमांक असतो. यातलं काहीच नसेल तर पॅलेट परत पाठवा, पैसे परत मिळोत न मिळोत. तुमच्यापैकी कोणी कट्टर शाकाहारी असेल तर घटकांच्या यादीत ‘७५४७०’ हा आकडा बघावा. तो कारमाईनचा, म्हणजे किड्यांपासून काढलेला लाल रंग. काहींना त्याची ॲलर्जीही असते.

नवी वस्तू थेट पापणीवर नको. कोपराच्या आतल्या बाजूला किंवा कानामागे, एकाच जागी, दिवसातून दोनदा, साधारण आठवडाभर लावा. खाज, लाली, पुरळ आलं नाही तर मग एखाद्या सुट्टीच्या दिवशी डोळ्यावर. पापणीची कातडी अंगावरच्या सगळ्या कातडीत पातळ, त्यामुळे हाताने सोसलं ते डोळा सोसेलच असं नाही.

आणि तिघींत एक मस्कारा? तीन टूथब्रश आहेत ना घरात? कांडी दर वेळी बाटलीत जाते आणि पापणीवरचे जंतू घेऊन जाते. आत ओल आणि अंधार, त्यांना आणखी काय हवं! मस्कारा उघडल्यापासून तीन महिन्यांत टाकायचा, घट्ट झाला म्हणून त्यात पाणी किंवा थुंकी घालायची नाही. (हो, घालतात. मी पाहिलंय.) 2023च्या पावसाळ्यात डोळे येण्याची साथ देशभर होती, तेव्हा माझ्याकडे आलेल्या प्रत्येकीला मी सांगत होते की साथीत वापरलेलं काजळ आणि मस्कारा कचऱ्यात टाका. बाकीच्या डब्यांवर उघड्या बरणीचं चित्र आणि आत 6 किंवा 12 आकडा असतो. उघडल्यापासून तितके महिने. हे सगळं न्हाणीघरातल्या कपाटात ठेवू नका. आपल्याकडे पावसात चपलांनाही बुरशी येते.

*सासूबाई एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याचं ताट धरून काजळ करतात आणि माझ्या तीन महिन्यांच्या बाळाच्या डोळ्यांत घालायचं म्हणतात. नाही म्हटलं तर वाईट वाटेल. – एक सून, सावर्डे*

वाईट वाटू दे, पण डोळ्यांत घालू नका. काजळाने डोळे मोठे होत नाहीत. बाळाची अश्रूंची नळी अरुंद असते, त्यात बोटाने घातलेली काजळी आणि बोटावरचे जंतू म्हणजे डोळ्यांत घाण येण्याला आमंत्रण. बाजारचा सुरमा तर त्याहून वाईट. पारंपरिक सुरम्यात शिशाचं खनिज असतं, आणि शिसं लहान मुलांच्या अंगात लवकर भिनून मेंदूच्या वाढीला बाधा करतं. आपल्याकडे सौंदर्यप्रसाधनांच्या रंगात शिशाची संयुगं वापरायला कायद्याने मनाई आहे, तरी नाव-गाव नसलेल्या डब्या जत्रेत विकायला असतातच.

सासूबाईंना तीट लावू द्या. कपाळाची तीट बाळ चोळतं, म्हणून तळपायाला किंवा कानामागे. दृष्ट काढायचं त्यांचं समाधान होईल. डोळे लाल झाले, सारखे चिकटू लागले तर घरगुती काही न करता डॉक्टरांना दाखवा.

*मी जत्रेतल्या मराठी नाटकात राजाचं काम करतो. रंगभूषेनंतर डोळे चुरचुरतात, सकाळी सुजतात. पडद्यामागे पेन्सिल एकच असते. – एक नट, फोंडा तालुका*

पहिलं काम, स्वतःची पेन्सिल. आठ जणांच्या डोळ्यांत फिरलेली पेन्सिल कितीही भारी कंपनीची असो, ती डोळ्यांत घेऊ नका. वापरायच्या आधी टोक काढा, म्हणजे वरचा थर जातो.

दुसरं, पेन्सिल डोळ्याच्या आत घालायची गरजच नाही. शेवटच्या रांगेतल्या माणसाला तुमच्या पापणीची कड दिसत नाही. खालची रेघ पापणीच्या केसांपासून जरा खाली काढा आणि मधली जागा फिक्या रंगाने भरा. जवळून विचित्र दिसतं, पण मंचावरच्या दिव्यांत डोळा दीडपट दिसतो. वरची रेघ बाहेरच्या टोकाला थोडी उचला. राजाला एवढं पुरतं. खलनायकाला भुवईचं आतलं टोक खाली आणा.

चुरचुर बहुधा मिशी-कल्ल्यांच्या स्पिरिट गमची. तो लावताना डोळे मिटा, मान मागे घ्या आणि वाफ उडेपर्यंत पंख्याची हवा घ्या. डोळ्यांत गेलाच तर चोळू नका. स्वच्छ पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि नाटक दुसऱ्या कुणाला सांभाळू द्या.

पहाटे घरी येऊन तसंच झोपणं हे सुजेचं दुसरं कारण. काँटॅक्ट लेन्स असेल तर आधी हात धुऊन ती काढा. मग खोबरेल तेलाचा कापूस मिटलेल्या डोळ्यावर वीस-तीस सेकंद नुसता धरा, खाली ओढून पुसा, शेवटी सौम्य फेसवॉश. पडद्यामागच्या ओल्या स्पंजने डोळे पुसू नका.

*वय 61. पापण्या सैल झाल्या, चमकीची शॅडो घडीत साचते. चष्मा काढला तर दिसत नाही, घातला तर लावता येत नाही. पुढच्या महिन्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. – केपे*

वहिनी, चमकी सोडा, मॅट तपकिरी रंग घ्या आणि तो घडीच्या किंचित वर लावा, डोळे उघडे ठेवून. आरसा मोठा करून दाखवणारा घ्या. एकेक काच खाली पडणारा मेकअपचा चष्माही मिळतो. ऑपरेशननंतर डॉक्टर ‘हो’ म्हणेपर्यंत डोळ्यांना काजळसुद्धा नको, आणि मग सुरुवात कराल तेव्हा जुनं काही उघडू नका, नवंच आणा.