मिठागरातल्या कडू पाण्याचा धंदा

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र आणि लेबलाचा कच्चा नमुना, दोन्ही मिळाले. मीठ ओढून झाल्यावर मिठागरात जे कडू पाणी उरतं, ते गाळून बाटलीत भरायचं आणि पिकांना विकायचं, हा विचार मला पसंत आहे. लेबल पसंत नाही. 'समुद्रातील सर्व मूलद्रव्ये आपल्या पिकाला' या ओळीवर मी काट मारली आहे. का मारली ते सांगायला थोडं मागं जावं लागेल, कारण ही ओळ तुझी नाही. या धंद्याच्या जन्मापासून ती त्याला चिकटलेली आहे.

अमेरिकेत मेनार्ड मरे नावाचे एक डॉक्टर होते. माणसांचे डॉक्टर, शेतकी शिकलेले नव्हेत. जमिनीवरच्या प्राण्यांपेक्षा समुद्रातले प्राणी कमी आजारी पडतात, असं त्यांच्या मनाने घेतलं. कारण त्यांनी असं लावलं की पाऊस जमिनीतली खनिजं धुऊन नेतो, नद्या ती समुद्रात टाकतात, त्यामुळे जमीन गरीब होत गेली आणि समुद्र श्रीमंत. मग समुद्राचं पाणी आटवून उरलेले क्षार पुन्हा शेतात का टाकू नयेत? 1930 च्या दशकाच्या अखेरीपासून त्यांनी यावर प्रयोग केले, शेतात ते क्षार घातले, तिथला चारा आणि धान्य जनावरांना घातलं, आणि 1963 मध्ये समुद्री क्षार खत म्हणून वापरण्याच्या पद्धतीचं पेटंट मिळवलं. पुढे फ्लोरिडात फोर्ट मायर्सला मातीविना, पातळ केलेल्या क्षारांच्या पाण्यावर भाजीपाला काढला. आज तिकडे समुद्री क्षारांच्या पिशव्या विकणारे बरेच जण मूळपुरुष म्हणून त्यांचंच नाव घेतात.

माणूस मेहनती होता, यात वाद नाही. पण त्यांच्या युक्तिवादात एक भोक आहे. नद्या सगळं समुद्रात नेतात हे खरं. नेलेलं सगळं पाण्यात विरघळून राहतं हे खरं नाही. लोह खाडीच्या तोंडाशीच साक्याबरोबर खाली बसतं. उघड्या समुद्रात ते इतकं कमी असतं की दक्षिण महासागराच्या मोठ्या पट्ट्यात, बाकी अन्न भरपूर असूनही, नुसत्या लोहाअभावी सूक्ष्म शेवाळ वाढत नाही. जस्ताचंही तसंच, लिटरमागे मायक्रोग्रॅममध्ये मोजावं लागतं. आणि आपल्या काळ्या चुनखडीच्या रानात ऊस-भुईमूग पिवळा पडतो तो बहुधा याच दोघांच्या कमतरतेपायी! म्हणजे शेतकऱ्याला जे हवं तेच समुद्राकडे नाही. मूलद्रव्यांची यादी लांबलचक होते, कारण त्यातली बहुतेक नावापुरती असतात. पिकाला लागतात ती सतरा.

आता वजन कर. एक लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. असे 100 किलो कोरडे क्षार घेतलेस तर त्यात 55 किलो क्लोराइड, 30 किलोवर सोडियम, मॅग्नेशियम पावणेचार किलोच्या आसपास आणि पोटॅशियम जेमतेम एक किलो. एकराला 40 किलो पोटॅशियम यातून द्यायचं म्हटलं तर साडेतीन टनांहून जास्त क्षार टाकावे लागतील आणि त्याबरोबर टनभर सोडियम जाईल. सांगली-कोल्हापूरकडच्या उसाच्या रानात फिरून ये. तिथे जमिनी क्षारपड झाल्यात, चोपण झाल्यात, पाणी मुरत नाही, आणि सोडियम बाहेर काढायला लोक जिप्सम टाकतात, चर खणतात. त्या शेतकऱ्याच्या हातात तू समुद्र कुठल्या तोंडाने देणार?

तुझं पाणी मात्र नुसता समुद्र नाही, हे तुझ्या लेबलात कुठेच आलेलं नाही. आगरात आधी जिप्सम बसतं, मग साधारण 25 अंश बोमेपासून (बोमे म्हणजे पाण्याचा दाटपणा मोजायचं माप) मीठ धरायला लागतं, आणि 29-30 पर्यंत बरंचसं मीठ निघून गेलेलं असतं. खाली उरतं त्यात मॅग्नेशियम, पोटॅशियम, सल्फेट आणि थोडं बोरॉन कितीतरी पट दाट झालेलं असतं. मीठ अजूनही असतंच, पण हिशोब पार बदलतो. भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने या पाण्यातून पोटॅश, म्हणजे पोटॅशियमचं खत, काढण्यावर बरंच काम केलं आहे. त्यांचं वाच. मरेंपेक्षा तुझ्या उपयोगाचं तेच आहे. (शेवाळाच्या अर्काशी मात्र गल्लत करू नकोस. इफकोची सागरिका वगैरे माल शेवाळापासून होतो आणि त्याचा गुण खनिजांपेक्षा शेवाळातल्या वाढीच्या द्रव्यांमुळे मानला जातो. दुकानदार दोन्ही एकाच फळीवर ठेवतो, म्हणून सांगितलं.)

विकायचं कुणाला? घाटावर धावू नकोस. जांभ्याच्या जमिनीत कोकणचा पाऊस पोटॅश-मॅग्नेशियम धुऊन नेतो आणि सोडियमही टिकू देत नाही. नारळ हे पीक असं की त्याला क्लोराइड खरोखर लागतं. फिलिपाईन्समध्ये नारळाला साधं मीठ खत म्हणून द्यायची शिफारसच आहे, आणि रोप लावताना खड्ड्यात मीठ घालायची आपल्याकडची पद्धत तुझ्या आजीला विचार. रत्नागिरीजवळ भाट्ये इथे नारळ संशोधन केंद्र आहे. खाऱ्या जमिनीचं ज्यांना कळतं ते पनवेलचं खार जमीन संशोधन केंद्र तर तुझ्या घरापासून जवळच. दोन्हीकडे बाटली घेऊन जा, माहितीपत्रक घेऊन नको.

चाचणी करशील तेव्हा नुसतं 'दिलेलं' आणि 'न दिलेलं' असं करू नकोस. तिसरा वाटा ठेव: तुझ्या पाण्यात जेवढं मॅग्नेशियम, पोटॅश आणि मीठ आहे तेवढंच दुकानातून आणून टाकलेला. तुझी बाटली त्या वाट्याला हरवत असेल तर तुझ्याकडे काहीतरी वेगळं आहे. बरोबरीत सुटली तरी वाईट नाही, मग तू स्वस्त मॅग्नेशियम-पोटॅश विकतेस, आणि तो धंदा खरा आहे. कोणत्या झाडाला काय द्यायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरव, नाहीतर चांगली झाडं नकळत आपल्याच मालाच्या वाट्याला जातात. टोमॅटो गोड झाला म्हणून हुरळून जाऊ नकोस. थोड्या खाऱ्या पाण्यावर तो गोड होतोच, फळात पाणी कमी शिरतं. वजनही बऱ्याचदा घटतं. वजन लिहून ठेव.

कायद्याचं थोडक्यात. बाटलीवर 'खत' लिहिलंस की 1985 चा खत नियंत्रण आदेश लागू होतो. 2021 पासून जैव-उत्तेजकंही, म्हणजे पिकाच्या वाढीला चालना देणारी द्रव्यंही, त्यात आली, त्यांना चाचण्यांची आकडेवारी द्यावी लागते. तुझा माल कुठल्या खणात बसतो हे जिल्हा कृषी कार्यालयात विचार, छापखान्यात जायच्या आधी.

आणि पाणी लांब वाहून नेण्यात नफा जिरतो, तेव्हा पहिलं वर्ष रायगड जिल्ह्याबाहेर जाऊ नकोस.

आधी मात्र पाण्याची तपासणी. हंगामाच्या सुरुवातीचं, मधलं आणि शेवटचं असे तीन नमुने वेगवेगळे दे, कारण तिन्हींचे आकडे जुळणार नाहीत आणि लेबलावर एकच आकडा छापायचा असतो. रिपोर्टचा फोटो पाठव. सोडियम आणि ईसीची (विद्युतवाहकता, म्हणजे एकूण खारेपणाचा आकडा) ओळ नीट दिसेल असा काढ.

तुझा,
सर