बाबांचा इलाज लेकीवर टाकू नका

प्रश्न : आम्ही सातारा तालुक्यातले. माझे पती सुभेदार म्हणून निवृत्त झाले. रात्री ओरडत उठतात, दिवाळीत फटाके वाजले की आतल्या खोलीत जाऊन बसतात. मुलगी बारावीत, कथक शिकते. ‘डान्स थेरपी शिकून बाबांना बरं करीन’ म्हणते. हे म्हणतात, ‘जवानांना नाचवणार का? गुमान डॉक्टरकीची ‘नीट’ परीक्षा दे.’ तिला काय सांगू?

उत्तर : ताई, विचारलंत मुलीबद्दल, पण मी अडकले ती ‘बाबांना बरं करीन’ इथं. एवढ्याशा पोरीनं घरचं दुखणं डोक्यावर घेतलंय आणि आपण त्याला करिअर म्हणतोय. ती कितीही शिकली तरी बापावर उपचार करू शकणार नाही. चांगला थेरपिस्ट घरच्या माणसाला पेशंट करत नाही. हे तिला आजच सांगा.

सुभेदारसाहेबांचा गैरसमज मात्र काढायला हवा. डान्स थेरपीत स्टेप शिकवत नाहीत, स्टेजवर तर मुळीच चढवत नाहीत. वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स मनोरुग्णालयात मेरियन चेस या नर्तकीनं १९४२ मध्ये काम सुरू केलं. तिच्या रुग्णांत दुसऱ्या महायुद्धातून परतलेले सैनिकही होते. जो बोलत नाही त्याची हालचाल ती आपल्या अंगात उतरवायची आणि संवाद तिथून सुरू व्हायचा. लढाई पाहिलेलं शरीर घरी आलं तरी पहाऱ्यावरच असतं. श्वासानं, तालानं ते थोडं सैल करायचं. तेही औषध-समुपदेशनाच्या जोडीनं. साहेबांना विचारा, शाळेत कधी लेझीम धरली होती का!

मुलीची ओढ खरी असेल तर बीए मानसशास्त्र करू द्या, कथक सुरू ठेवा, पुढे मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत या विषयाच्या डिप्लोमाची चौकशी करा. साताऱ्यात राहून यावर पोट भरेल असं मला वाटत नाही, तेही तिला कळू द्या. आणि बापाच्या धाकानं दिलेल्या नीटचं काय होतं, ते मी दर वर्षी निकालानंतर बघते.

पण आधी साहेब. ज्या जिल्ह्यात अपशिंगे गाव नावापुढं ‘मिलिटरी’ लावतं, तिथं सैनिकाला झोप लागत नाही हे बोलायची लाज का? माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, म्हणजे ईसीएचएसच्या, पॉलिक्लिनिकमधून मनोविकारतज्ज्ञाकडं रेफर करून घ्या. जायला तयार नसतील तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, १४४१६ वर, फोन तरी लावून द्या. सैन्यदलांसाठी त्याचा वेगळा कक्ष २०२३ मध्ये पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात, सुरू झालाय.

मुलीचे मार्क तुम्ही लिहिलेच नाहीत. पुढच्या पत्रात लिहा, आणि साहेबांच्या अपॉइंटमेंटची तारीखही.