‘मिळालं आहे’ म्हणजे नेमकं काय मिळालं?

प्रश्न: माझी ऑफिसमधली ख्रिश्चन मैत्रीण परवा सहज बोलून गेली, “मला सार्वकालिक जीवन मिळालं आहे.” मिळणार आहे असं नाही, मिळालं आहे. स्वर्ग वगैरे मेल्यानंतरचं ना? मग धडधाकट जिवंत बाईला ते आत्ताच कसं मिळालं?

उत्तर:

तुमचे कान तिखट आहेत. सगळी गोम त्या ‘आहे’मध्येच आहे.

आधी माझ्याबद्दल. मी वेंगुर्ल्याजवळच्या एका गावातला कॅथलिक. घरात मालवणी आणि कोंकणी, शाळा मराठी, थोडी आंब्याकाजूची बाग. फादर नाही, धर्मशास्त्र शिकलेलो नाही. खरं सांगायचं तर आमच्या घरांतून तुमच्या मैत्रिणीसारखं कोणी बोलत नाही. पेपर तपासून व्हायच्या आधीच पेढे वाटल्यासारखं वाटतं आम्हाला ते. असं बोलणं बहुधा प्रॉटेस्टंट घरांत ऐकू येतं. पण हे तिच्या पदरचं नाही, बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानातलं, म्हणजे येशूचं चरित्र सांगणाऱ्या पुस्तकातलं आहे. पाचव्या अध्यायात येशू म्हणतो की, जो माझं वचन ऐकतो आणि मला पाठवणाऱ्यावर विश्वास ठेवतो, त्याला सार्वकालिक जीवन ‘प्राप्त झाले आहे’, तो मरणातून जीवनात ‘पार गेला आहे’. मूळ ग्रीकमध्येही काळ असाच आहे. पहिलं क्रियापद वर्तमानकाळी, दुसरं घडून गेलेल्या आणि अजून टिकलेल्या गोष्टीचं. म्हणजे तुमच्या मैत्रिणीचं व्याकरण चोख आहे.

घोळ होतो तो ‘सार्वकालिक’ या शब्दाने. ऐकणाऱ्याला वाटतं, कधी न संपणारं आयुष्य. नुसतं न संपणारं आयुष्य कोणाला हवंय? आमच्या वाडीत नव्वदी उलटलेली एक म्हातारी आहे, ती रोज सकाळी देवाला विचारते, “माजी चिठ्ठी खंय हरवलंस काय रे?” ग्रीक शब्द आहेत ‘झोए आयोनिओस’. ‘झोए’ म्हणजे जीवन, आणि ‘आयोनिओस’ हा ‘आयोन’ म्हणजे युग यावरून आलेला. येशूच्या काळातले पुष्कळ यहुदी लोक दोन युगं मानत. एक हे, अन्यायाचं आणि मरणाचं. दुसरं येणारं, देवाच्या राज्याचं. त्या येणाऱ्या युगातलं जगणं ते हे जीवन. ते संपत नाही हे खरंच, पण न संपणं हा त्याचा एक गुण झाला, त्याची व्याख्या नव्हे. मार्काच्या शुभवर्तमानात, दहाव्या अध्यायात ते ‘येणाऱ्या युगात’ मिळेल असंच म्हटलंय, तुम्ही समजता तसं. योहान मात्र पुनःपुन्हा सांगतो की ते युग उजाडायची वाट बघत बसू नका, तिकडचं जगणं इकडे सुरू झालंय.

व्याख्याही योहानानेच दिली आहे, सतराव्या अध्यायात. अटक व्हायच्या आधी येशू प्रार्थना करतो, तिथे. सार्वकालिक जीवन हे आहे की, त्यांनी एकच खरा देव आणि त्याने पाठवलेला येशू ख्रिस्त यांना ओळखावे. बस, एवढंच. सोन्याचे रस्ते नाहीत, देवदूतांची वाद्यं नाहीत, फक्त ओळखणं.

आता ‘ओळख’ या शब्दाची आपल्याकडे काय गत झाली आहे ते तुम्हाला माहीत आहे. “तलाठ्याकडे ओळख आहे काय?” म्हणजे काम होईल काय. ही ओळख वशिल्याची. मी कितीतरी वर्षं देवाशी असलीच ओळख ठेवून होतो. बाप्तिस्मा झालेला, रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, चुकत नाही, संध्याकाळी घरात तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना होते, म्हणजे वर नोंद झालेली आहे, वेळ आली की काम होईल. योहान म्हणतो ती ओळख ही नव्हे. बायबलच्या जुन्या भाषेत ‘ओळखणे’ हा शब्द नवराबायकोच्या संगासाठीसुद्धा येतो, इतकी ती जवळची.

मार्काच्या त्याच दहाव्या अध्यायात एक श्रीमंत माणूस धावत येऊन येशूला विचारतो की, सार्वकालिक जीवन हे वतन मिळावं म्हणून मी काय करू? मराठी बायबलात शब्द ‘वतन’ आहे, आणि कोकणातल्या माणसाला तो कळायला टीप लागत नाही. खोती १९४९ च्या कायद्याने गेली, पण वतनाचा हिशेब डोक्यातून गेलेला नाही. काय केलं म्हणजे माझं नाव लागेल, हाच त्या माणसाचा प्रश्न होता. माझाही तोच होता. तो प्रश्न कुठे फसतो ते मला घरातच दिसलं, म्हणून घरातली गोष्ट सांगतो.

माझ्या बापाने हयातीतच माझं नाव सातबाऱ्यावर लावून दिलं होतं. पुढे एका वर्षी मोहर बघून मी बाग एका व्यापाऱ्याला कराराने द्यायचं ठरवलं आणि विसार घेऊन मोकळा झालो, बापाला न विचारता. त्याला ते कळलं तसा तो त्या व्यापाऱ्याच्या दारात गेला आणि पैसे परत करून आला. विसार परत करावा लागणं म्हणजे आमच्याकडे नाचक्की. त्या दिवसापासून आम्ही बोललो नाही. नऊ वर्षं. एकाच घरात, एकाच चुलीवरचं जेवत. तो माझ्यापासून दोन हातांवर बसलेला असायचा आणि मी आईला म्हणायचो, “त्यांका विचार, चाय व्हयी काय.” ती विचारायची. तो तिला उत्तर द्यायचा. ती मला सांगायची.

मग आई गेली. सातव्या दिवसाची मिस्सा झाली, पाहुणे मुंबईच्या गाड्या पकडून गेले, आणि संध्याकाळी घरात आम्ही दोघंच. निरोप न्यायला कोणी नाही. मी पेज केली, सुका बांगडा भाजला. दोन वाडगे मांडले. बापाने एक घोट घेतला, वाडगा खाली ठेवला आणि भिंतीकडे बघत म्हणाला, “मीठ कमी आसा.” मी मिठाची बरणी सरकवली. त्याने चिमूट उचलली, ती आधी माझ्या वाडग्यात टाकली, मग दुसरी उचलून आपल्या. पुढे चार वर्षं तो जगला. त्या चार वर्षांत आम्ही काही फार गोड बोललो असं नाही, खतावरून भांडलोसुद्धा. पण घर चालू होतं.

त्या नऊ वर्षांत सातबाऱ्यावरून माझं नाव कोणी खोडलं नव्हतं. वतन पक्कं होतं. जीवन नव्हतं.

लूकच्या शुभवर्तमानातल्या पंधराव्या अध्यायातली उधळ्या मुलाची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. धाकटा वाटणी घेऊन परदेशी जातो, पैसे उडवतो, परत येतो. प्रवचनं सगळी त्या धाकट्यावर होतात. मला मात्र थोरल्यात माझंच तोंड दिसतं. तो घर सोडून कधी गेलेलाच नाही. शेतात राबतो, हुकूम मोडत नाही, आणि भावाच्या परतण्याची मेजवानी सुरू होते तेव्हा बापाला सुनावतो की इतकी वर्षं गुलामासारखी चाकरी केली, कधी करडूसुद्धा दिलं नाहीस. बापाचं उत्तर थोडक्यात असं की बाळा, तू तर नेहमी माझ्याबरोबरच आहेस, जे माझं ते सगळं तुझंच आहे. घरातच होता, पण त्याला ते घर मिळालेलं नव्हतं. आणि धाकट्याबद्दल बाप काय म्हणतो बघा. हा मेला होता, तो जिवंत झाला. त्या पोराच्या नाडीला काही झालं नव्हतं; डुकरं राखत होता, श्वास चालू होता. मरण आणि जीवन हे शब्द तिथे नात्याबद्दल आहेत. तुमची मैत्रीण ‘जीवन’ म्हणते ते याच अर्थाने.

मग मेल्यानंतरचं सगळं रद्द? नाही. इथे काही लोक उलट्या टोकाला जातात आणि म्हणतात, स्वर्ग ही नुसती मनाची अवस्था. चर्च तसं मानत नाही, मीही नाही. योहानाच्याच सहाव्या अध्यायात एका वाक्यात दोन्ही आहे. जो माझा देह खातो आणि माझं रक्त पितो त्याला सार्वकालिक जीवन प्राप्त झालं आहे, आणि शेवटल्या दिवशी मी त्याला उठवीन. आत्ताचंही, नंतरचंही. येशूचा प्रेषित पौल याने यासाठी जो शब्द वापरला तो मराठीत वाचला तेव्हा मी चमकलोच. इफिस शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो, पवित्र आत्मा हा ‘आपल्या वतनाचा विसार’ आहे. विसार म्हणजे नमुना नव्हे, की एक फोड चाखून बघा आणि मग ठरवा. विसार हा ठरलेल्या किमतीतलाच पैसा असतो, आधी हातात आलेला. राहिलेली रक्कम त्याच नोटांत येते. आणि देणारा शब्दाचा पक्का असेल तर विसार परत जात नाही. (माझा गेला, पण ती वेगळी गोष्ट.)

आणि मरणापलीकडची आशा तरी कशावर उभी आहे? पुष्कळांना वाटतं, आत्मा मुळातच अमर असतो म्हणून. येशूचा युक्तिवाद वेगळा आहे. पुनरुत्थान न मानणारे सदूकी पंथाचे लोक त्याला कोड्यात पकडायला येतात तेव्हा तो जुन्या गोष्टीतल्या जळत्या झुडपाची आठवण देतो, ज्यातून देव मोशे या यहुद्यांच्या पुढाऱ्याशी बोलला. तिथे देव म्हणाला, मी अब्राहामाचा देव, इसहाकाचा देव, याकोबाचा देव. यहुद्यांचे हे तिघे पूर्वज तेव्हा मरून शतकं लोटली होती. तरी देव स्वतःची ओळख त्यांच्या नावाने देतो. आणि तो मेलेल्यांचा नव्हे, जिवंतांचा देव आहे. म्हणजे नातं आधी, अमरपण त्यातून. देवाने ज्याला आपलं म्हटलं त्याला तो मरणाच्या स्वाधीन करून विसरत नाही. माझ्या मते नव्या करारातला हा सगळ्यात कमी वापरला गेलेला उतारा आहे, आणि तुमच्या प्रश्नाला सगळ्यात जवळचा.

तुम्ही वारकरी घरातले असाल तर हे फार परकं वाटू नये. तुकोबा देवाकडे मुक्ती मागत नाहीत, त्याचा विसर पडू नये एवढं मागतात. आमच्याच कोकणात, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात १८६१ साली जन्मलेले कवी नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले, पण तुकोबांना त्यांनी सोडलं नाही, ते उगाच नाही. फरक आहेच. आमच्याकडे भक्त देवात विरत नाही, शेवटपर्यंत दोघं दोघंच राहतात, आणि ही ओळख येशू या एका ऐतिहासिक माणसातून होते असा आमचा दावा आहे. तो तुम्हाला पटावा म्हणून मी हे लिहीत नाही.

एक गैरसमज मात्र काढतो. नातं आत्ताचं आहे म्हणजे ते सतत जाणवतं असं नाही. मदर तेरेसांची खासगी पत्रं २००७ साली प्रसिद्ध झाली, त्यांत अनेक वर्षांचा कोरडा अंधार आहे. देव आहे की नाही तेच त्यांना जाणवेना, तरी त्या रोज प्रार्थनेला बसत आणि रोज उठून कामाला जात. मला स्वतःला महिन्यातून एखाद्या दिवशी काहीतरी जाणवतं, तेही पहाटे बागेत पाणी सोडताना, मिस्सेत फारसं नाही. मग खरं-खोटं ओळखायचं कसं? योहानाच्या पहिल्या पत्रात एक खूण दिली आहे. आपण मरणातून जीवनात आलो आहोत हे आपल्याला कळतं, कारण आपण बंधूंवर प्रेम करतो. भावना नाही विचारलेली. शेजाऱ्याशी बांधावरून अबोला असेल तर खुणेत बसत नाही. माझ्या एका शेजाऱ्याच्या बाबतीत मी अजून त्या खुणेत बसत नाही, हेही लिहून टाकतो.

जुन्या लॅटिन विधीत बाप्तिस्म्याच्या वेळी दारातच विचारत, देवाच्या चर्चकडे काय मागतोस? उत्तर, श्रद्धा. श्रद्धा तुला काय देते? उत्तर, सार्वकालिक जीवन. पाळण्यातल्या पोराच्या वतीने हे उत्तर धर्ममातापिता देत. पुढे सत्तर-ऐंशी वर्षांनी मिळायच्या गोष्टीसाठी कोणी इतकी घाई करत नाही.

तेव्हा तुमच्या मैत्रिणीला ‘तू स्वर्गात जाणार हे कशावरून’ असं विचारू नका, ती दहा वचनं काढून दाखवील आणि चहा थंड होईल. काल देवाशी काय बोलणं झालं, एवढं विचारा. कदाचित ती म्हणेल, काही नाही, भांडण चालू आहे.