वाचकांचे प्रश्न : स्पोर्ट बाइकवाल्यांची क्रूझर

प्रश्न : स्पोर्ट बाइकवर नाव कमावलेल्या डुकाटीने क्रूझर (लांबट, आरामात चालवायची मोटारसायकल) काढली, तर तिची ओळख पुसली जात नाही का?

उत्तर : नुसता लांबट आकार आणि क्रोम उसना घेतला तर नक्कीच जाते. डुकाटीच्याच 1986 च्या इंडियाना क्रूझरचं तेच झालं. ती चाललीच नाही. 2011 च्या डियावेलने वेगळी वाट धरली. इंजिन 1198 सुपरबाइकच्याच घराण्यातलं, पण इनटेक (मिश्रण आत घेणारा) आणि एक्झॉस्ट (धूर बाहेर सोडणारा) व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे राहण्याचा अवधी, जो क्रँकशाफ्ट किती अंश फिरला यावरून मोजतात, 41 अंशांवरून 11 अंशांवर आणला. त्यामुळे कमी आरपीएमला (इंजिन संथ फिरताना) इंधन-हवेचं ताजं मिश्रण एक्झॉस्टवाटे निसटत नाही आणि गाडी हिसके न देता ओढते. मागचा टायर 240 मिमी रुंद, तरी वळणात गाडी 41 अंश झुकते. ओळख टिकते ती इथे, टाकीवरच्या नावात नव्हे.

प्रश्न : एक्सडियावेलची टेस्ट राइड घेताना काय पाहावं?

उत्तर : एक्सडियावेल ही डियावेलचीच, पाय पुढे ठेवून बसायची क्रूझर. इथे 2025 च्या चार सिलिंडरवाल्या आवृत्तीआधीच्या गाड्यांबद्दल सांगतो. फूटपेग (पाय ठेवायचे खुंट) पुढे असल्याने खड्ड्यावर पायांवर जोर देऊन उठता येत नाही, दणका थेट कमरेला बसतो. म्हणून खराब रस्त्यावरही चालवा. रेक (पुढच्या फोर्कचा तिरपेपणा) 30 अंश आणि मागे तोच रुंद टायर, त्यामुळे संथ वळणात हँडल जड लागतं. फायनल ड्राइव्ह (मागच्या चाकाला ताकद पोचवणारी जोडणी) चेनची नसून बेल्टची आहे. तिला वंगण लागत नाही, पण पुलीत खडा अडकला तर बेल्ट चिरते. जुनी गाडी घेत असाल तर बेल्टचे दात आणि कडा टॉर्च लावून तपासा. क्रोमकडे नंतर बघा.