'निर्जंतुक' म्हणजे 'शुद्ध' नव्हे

प्रश्न असा: डायलिसिसच्या नळ्यांच्या पाकिटावर 'स्टराइल' छापलेलं असतं, तरी जोडण्याआधी त्या सलाइनने का धुतात? निर्जंतुक म्हणजे शुद्धच ना?

नाही! 'निर्जंतुक केलंय, आता धोका नाही' हे ऐकून कान किटले. मूळ शब्द पाहा. लॅटिन 'स्टेरिलिस' म्हणजे वांझ. त्याचं भावंड ऋग्वेदात आहे: 'स्तरी', न विणारी गाय. अश्विनांनी शयू या आपल्या भक्ताची गाय दुभती केली (१.११६.२२), तीच ही स्तरी! 'स्थिर'शी नातं जोडणाऱ्यांनी ग्रीक 'स्टेइरा' पाहावा. तोही वांझ गाईचाच शब्द. 'स्थिर' आला 'स्था'वरून, त्याचा इथे काही संबंध नाही.

परिभाषाकारांनी 'निर्जंतुकीकरण' घडवून घोळ केला, असं माझं ठाम मत आहे. 'जंतू' हा 'जन्'वरून, म्हणजे जे जन्मलं ते. गीतेतले 'जन्तवः' तर माणसं आहेत. त्याला 'निर्' लावला की वाटतं, जंतू तिथून गेले. जात नाहीत. मरतात, आणि मढी तिथेच राहतात. काही जंतूंच्या कवचातलं एंडोटॉक्सिन हे विष १२१ अंशांच्या वाफेलाही दाद देत नाही. रक्तात गेलं की हुडहुडी भरून ताप. ते नष्ट करायला २५० अंशांची कोरडी उष्णता अर्धा तास लागते, आणि त्यात पीव्हीसी या प्लास्टिकची नळी टिकणार नाही. 'वंध्यीकरण' हा शब्द चोख बसला असता: वंश खुंटला, एवढंच त्यात कबूल केलं आहे.

मारण्याच्या पद्धतीचाही माग उरतो. पाकिटावर 'ईओ' असेल तर इथिलीन ऑक्साइड वायू. तो पीव्हीसीत मुरतो. डायलायझरच्या, म्हणजे रक्त गाळणाऱ्या नळकांड्याच्या, तंतूंची टोकं ज्यात बसवतात त्या पॉलियुरेथेनमध्ये तर फारच. 'आर' म्हणजे किरण, बहुधा २५ किलोग्रे (किरणांच्या मात्रेचं एकक): वायूचा प्रश्न मिटतो, पण पीव्हीसी पिवळी पडते. वाफेत पीव्हीसी मऊ होऊन दबते. पॉलिसल्फोन या प्लास्टिकचा डायलायझर मात्र वाफ सोसतो.

हा माग रक्तात जाऊ नये म्हणून धुणं. धुतलेलं पहिलं सलाइन फिरवत न बसता टाकून द्यायचं. धुऊन बराच वेळ तसंच ठेवलं, तर मुरलेला वायू पुन्हा पाझरतो. जोडण्याआधी परत धुवायचं. सुरू केल्यावर पहिल्या काही मिनिटांतच अंगभर खाज, आग किंवा धाप लागली, तर लगेच मशीन थांबवून नळ्या क्लॅम्प करायच्या आणि आतलं रक्त शरीरात परत सोडायचं नाही.